साठ दिवसांचा नियम

जगातल्या मोठमोठ्या अणुशास्त्रज्ञांनी लिहिलेला प्रत्येक अहवाल आधी कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या रस्त्यावरच्या एका इंजिन-मिस्त्रीला वाचून दाखवला जाई, हे त्या शास्त्रज्ञांना कधीच कळलं नाही. वाचून दाखवणारे आमचे अणूसर. सायकलच्या कॅरियरला अहवाल बांधायचा, बाबालाल मिस्त्रीच्या शेडमध्ये तेलकट बाकावर बसायचं आणि इंग्रजी मजकूर मराठीत सांगत सुटायचं. बाबालाल शेतपंपांची डिझेल इंजिनं दुरुस्त करी. हातातला पाना खाली न ठेवता तो ऐके. "थांबा सर, ह्ये काय कळालं न्हाय," असं तो म्हणाला की सर तिथे पेन्सिलीनं खूण करत. मग तो परिच्छेद लिहिणारा विद्वान कुठल्याही खंडात असो, त्याला आठवड्याभरात पत्र जाई, की एवढं जरा सोपं करून पाठवा.

मी तिथे टंकलेखिका होते. साल सत्तरनंतरचं. माझे यजमान सरांचे कॉलेजातले विद्यार्थी, त्यामुळे मी सरांची सूनबाई. दोन्ही मुलं शाळेत जायला लागल्यावर मी सरांच्या राजारामपुरीतल्या घरी कामाला जाऊ लागले. पुढच्या खोलीवर पाटी होती, 'जागतिक अणुविद्या अकादमी'. पाटी वाचून रिक्षावाले विचारत, "हितं बाँब करत्यात व्हय?" सर शांतपणे सांगत, "नाही हो, इथं फक्त टपाल करतात."

ते खरंच होतं. सर काही वर्षं परदेशात काम करून आले होते. तिथल्या त्यांच्या मित्रांनी मिळून ही अकादमी काढली होती. कुठल्याही सरकारचं मिंधेपण नसलेल्या तज्ज्ञांनी अणुवीज केंद्रांबद्दल आपलं खरं मत द्यावं, एवढाच तिचा उद्देश. कचेरी कुठल्याच बड्या देशात नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कचेरीचं काम करायला कुणालाच सवड नाही, यावरही झालं. म्हणून ती कोल्हापूरला आली आणि सर तिचे कार्यवाह झाले.

खोलीच्या भिंतीवर त्रेचाळीस खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीला एका सदस्याची कापडी पिशवी, पिशवीत त्याची पत्रं. सर सदस्यांबद्दल असं बोलत जणू ती मंडळी शेजारच्या गल्लीत राहतात. "नॉर्वेला दाढदुखी आहे, त्यांना या महिन्यात त्रास देऊ नका." कुणी पत्राखाली पदव्यांची रांग लावली की ते मला त्या टाइप करू देत नसत. "अणुभट्टीला आपली पदवी कळत नाही, सूनबाई," असं म्हणत. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की पुढेपुढे ते बोलायच्या आधीच मी पदव्या गाळून मोकळी होई.

सरांचा एक नियम मात्र मला फार आवडे, कारण त्यानं माझं काम हलकं होई. अहवालाचा मसुदा सगळ्या सदस्यांना टपालानं जायचा. पाठवल्यापासून साठ दिवसांत ज्याचं उत्तर येणार नाही, त्याची संमती धरायची आणि अहवालाखाली त्याचं नाव छापायचं. एकानं जरी आक्षेप घेतला, तरी अहवाल थांबवून पुन्हा सगळ्यांकडे पाठवायचा. एवढ्या लांबच्या, कामात बुडालेल्या माणसांकडून वेळेवर उत्तरं यायची कुठून? नियम नसता तर एकही अहवाल निघाला नसता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर साठावा दिवस लाल पेन्सिलीनं खुणावून ठेवत असे.

त्या वर्षीचा अहवाल सगळ्यात मोठा होता. एका लहान देशाच्या सरकारला आपलं पहिलं अणुवीज केंद्र उभारायचं होतं आणि आराखडा सुरक्षित आहे का, हे त्यांनी आमच्या अकादमीला विचारलं होतं. सर हरखून गेले होते. शिवाय त्या पावसाळ्याअखेर अकादमीची बैठक पहिल्यांदाच कोल्हापुरात भरणार होती आणि त्या देशाचा प्रतिनिधी अहवाल स्वतः घेऊन जाणार होता.

मसुदा घेऊन सर नेहमीप्रमाणे बाबालालकडे गेले. त्या दिवशी मुलाच्या चपला घ्यायला मी त्याच बाजूला गेले होते, म्हणून मीही थांबले. सरांनी सांगितलं, की केंद्राची वीज गेली तरी भट्टी थंड ठेवणारे पंप चालू राहायला हवेत. त्यासाठी डिझेल इंजिन ठेवलंय, ते दहा मिनिटांत सुरू होतं.

बाबालालनं पहिल्यांदाच पाना खाली ठेवला. "धा मिन्टात? कुनाचं इंजान हो? सायेब बगायला आला की एका हँडलात चालू हुतंय. गरज लागली की न्हाय हुत."

सर हसले. "मिस्त्री, तिथली इंजिनं तुमच्या पंपासारखी नसतात."

"नसंनात का. इंजान त्ये इंजानच की."

सरांनी पेन्सिलीची खूण केली नाही. मला ते जाणवलं, पण मी चपलांच्या दुकानाकडे वळले.

साठावा दिवस आला तेव्हा पंचगंगेला पूर होता. रस्ते बंद, टपाल बंद. आक्षेप एकही नव्हता. मुदत संपली तसा मी मजकूर छापखान्यात दिला. त्यानंतर दोन दिवसांनी पाणी उतरलं आणि पोस्टमन भिजका गठ्ठा घेऊन दारात आला. "शिरोलीच्या पुलापल्याड गाडी आडकलीती की वैनी, चार दिस!" गठ्ठ्यात इग्नासिओचं पत्र होतं. इग्नासिओ म्हणजे दक्षिण अमेरिकेतला एक म्हातारा इंजिनियर, आमचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी बोलणारा सदस्य. त्यानं लिहिलं होतं, की मी या अहवालाशी सहमत नाही. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असं इंजिन दहा मिनिटांत सुरू झालेलं मी फक्त तपासणीच्या दिवशी पाहिलं आहे.

सरांचा चेहरा उतरला. "हे तर मिस्त्रीच बोलतोय," ते पुटपुटले.

अहवाल छापून झाला होता. पाहुणे चार दिवसांवर आले होते. कुणाला कुठे उतरवायचं, कुणाला तिखट चालत नाही, सगळं मी ठरवून ठेवलेलं. मी म्हणाले, "सर, नियम म्हणजे नियम. साठ दिवस संपले. आणि हा नियम तुम्हीच केलाय."

"पूर आपल्या नदीला आला होता, सूनबाई. त्याच्या नाही."

"मग आता काय, पाहुण्यांना परत पाठवायचं?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. मी वाट पाहिली. मग 'मुदतीनंतर मिळाले' हा शिक्का पत्रावर मारला आणि ते खुंटीवरच्या पिशवीत टाकलं.

तीन दिवसांची बैठक दणक्यात झाली. पाहुण्यांना फेटे बांधले. प्रतिनिधी अहवाल छातीशी धरून गेला. अहवालाखाली त्रेचाळीस नावं होती, त्यांत बैठकीला न आलेल्या इग्नासिओचंही. सर सगळ्यांशी हसून बोलले, पण त्या तीन दिवसांत ते जेवताना मला दिसले नाहीत.

चार-पाच महिन्यांनी इग्नासिओच्या मुलाचं पत्र आलं. वडील वारले होते. छापील अहवाल त्यांच्या मृत्यूनंतर पोचला. मुलानं लिहिलं होतं, की बाबांचं नाव त्यांच्या शेवटच्या कामाखाली पाहून फार अभिमान वाटला. आईला वाचून दाखवलं. आपले आभार कसे मानू?

ते पत्र सरांनी तीनदा वाचलं. मग पिशवीतून जुनं पत्र काढलं आणि सायकल न घेता, पायीच बावड्याकडे निघाले. मला राहवेना, मीही मागोमाग गेले. बाबालालनं इग्नासिओचं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्येचं नाव का छापलं?"

सरांनी साठ दिवसांचा नियम सांगितला. बाबालालला तो अहवालापेक्षाही अवघड वाटला असावा. हात फडक्याला पुसत तो म्हणाला, "गप ऱ्हायलं म्हंजे हो म्हनलं, असं आमच्यात फकस्त पोरगी बगताना धरत्यात. आनि तितंबी चुकतंय."

मी खाली बघितलं. माझं लग्न तसंच ठरलं होतं. माझं चुकलं नाही, पण माझ्या थोरल्या बहिणीचं चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या सदस्यांना, त्या सरकारला आणि इग्नासिओच्या मुलाला पाठवायचं पत्र मला सांगून टाइप करून घेतलं. एका माणसाचा नकार मी होकार म्हणून छापला, अहवाल मी मागे घेत आहे, सोबत त्याचं मूळ पत्र. सदस्यांसाठी शेवटी एक प्रश्न होता. अकादमी चालू ठेवावी का? आणि खाली ओळ, 'उत्तर न आल्यास उत्तर आलं नाही, एवढंच धरलं जाईल.' मुदतीत सतरा उत्तरं आली. काम चालायला निम्म्याहून अधिक सदस्य लागत. सरांनी उरलेल्यांसाठी एक दिवसही जास्त वाट पाहिली नाही आणि पाटी उतरवली. मला तेव्हा त्यांचा रागच आला. इतकी वर्षं उभं केलेलं असं एका फटक्यात मोडून टाकायचं?

त्या सरकारचं दोन ओळींचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभारी आहोत, काम सुरू झालं आहे. पुढे तिथे काय झालं, आम्हांला कधी कळलं नाही. त्यानंतर रेडिओवर परदेशातल्या वीज केंद्राची बातमी लागली, की सर घास हातात धरून थांबत. देशाचं नाव ऐकून झाल्यावरच तो तोंडात जाई. ते गेले त्या वर्षापर्यंत हे चालू होतं.

इग्नासिओच्या मुलाचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं. त्यानं लिहिलं होतं, की आईला हेही पत्र वाचून दाखवलं. तिला नवल वाटलं नाही. अहवाल आला त्याच दिवशी ती म्हणाली होती, की यांनी याला हो म्हटलं असणं शक्य नाही. मी आनंदात होतो, म्हणून ती पुढे काही बोलली नाही.

सरांनी चष्मा काढला आणि ते पत्र माझ्या हातात दिलं. मी सरांचं ते माफीचं पत्र, आमच्याकडची प्रत, पुन्हा एकदा काढून वाचलं. ते मीच टाइप केलं होतं. त्यात सगळीकडे 'मी' होता. माझा, माझ्या शिक्क्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

"सर," मी म्हणाले, "नियम म्हणजे नियम, हे मी म्हणाले होते. तेवढं सगळ्यांना कळवू या. मला ते पोटात ठेवून राहता येत नाही."

"तुम्ही म्हणालात," सर म्हणाले. "मी गप्प बसलो. आणि तुम्ही त्याचा अर्थ बरोबर लावलात."