भिडूची चूक

माझे थोरले भाऊ अण्णा मंगळवारी गेले. काल त्यांचे पत्ते हातात घेतले. सहज सरकावेत म्हणून ते लावायचे त्या पावडरचा वास आला आणि पनवेलच्या क्लबातला ब्रिजचा एक डाव आठवला. अण्णा माझे भिडू. नियमाप्रमाणे आपली पानं टेबलावर उघडी मांडून ते गप्प बसले होते. खेळत होतो मी. विरुद्ध बाजूचे हुकूम आधी काढून घ्यायला विसरलो, माझ्या एक्क्यावर हुकूम पडला आणि डाव बुडाला.

“अण्णा, असल्या पानांवर एवढी बोली करतात का?” मी चारचौघांत ओरडलो.

“चुकलं रे माझं. वाट पत्ते,” ते म्हणाले.

चूक माझी होती, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर ते क्लबात आले नाहीत. मी कधीच कबूल केलं नाही. आता सांगायला वहिनी आहेत. त्यांना ब्रिज येत नाही.