बाईंच्या सह्या

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या कंपनीतल्या निवृत्त लोकांचा मेळावा नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये झाला. जेवणं झाल्यावर खुर्च्या गोल मांडून गप्पा सुरू झाल्या. कुणीतरी सर्व्हर बंद पडल्याची गोष्ट काढली आणि एकाने नेहमीचं वाक्य टाकलं, "बाई रोज सही करायच्या, टेप घालायला तेवढी विसरायच्या!" सगळे हसले. मीही हसलो. मग दुसरा म्हणाला, "विठ्ठलवाडीला असतात आता, लेकीकडे. गुडघे गेलेत म्हणे."

डोंबिवलीजवळ कोपरला घरी आलो, पण काही सुचेना. ते वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. ते खोटं आहे आणि ते खोटं असल्याचं फक्त मला माहीत आहे. माझं वय आता सत्त्याहत्तर. म्हणून जे घडलं ते लिहितो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. डोंबिवलीच्या औद्योगिक भागात आमची कंपनी यंत्रांना द्यायचे रंग बनवायची. प्रत्येक छटेची कृती प्रयोगशाळेच्या जाडजूड वह्यांत लिहिलेली होती. कडा फाटलेल्या, पानापानावर रंगाची बोटं उमटलेल्या त्या वह्या. साहेबांनी सर्व्हर आणला आणि ठरवलं की सगळ्या वह्या आता त्याच्यावर चढवायच्या. यंत्राची देखभाल माझ्याकडे आली. टायपिंगसाठी डिस्पॅचमधून बाईंना बोलावलं.

बाई ठाण्याच्या खाडीकाठच्या, कोळी घरातल्या. वय चाळिशीच्या पुढे, आवाज खणखणीत. टाइपरायटरवर वीस वर्षं काढलेली बाई कॉम्प्युटरला भिऊन जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पहिल्या दिवशी चपला दाराबाहेर काढून त्या आत आल्या, एसीच्या गारव्यात एकदा शहारल्या आणि सर्व्हरकडे बघून म्हणाल्या, "हे बरंय. आम्ही तिकडे घामाने निथळतोय आणि हे इथे गारव्यात बसलेत. जावईबापूच आहेत की!"

तेव्हापासून सर्व्हरचं नाव जावईबापू. तो अडला की बाई मला हाक मारायच्या, "अहो इंजिनिअर, जावईबापू रुसलेत. या समजूत काढायला." मी इंजिनिअर नव्हतो. रात्रशाळेत डिप्लोमा केलेला मेकॅनिक होतो. ते त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी हाक कधी बदलली नाही.

ती खोली म्हणजे प्लायवूडने अडवलेलं जुनं स्टोअर. तिथे आम्ही दोघं तीन वर्षं शेजारी बसलो. यंत्र चालू होईना, की मी झाकण उघडून मेमरीच्या पट्ट्या काढायचो आणि त्यांची सोनेरी टोकं खोडरबराने घासायचो. बाई टॉर्च धरायच्या. स्क्रू पडू नयेत म्हणून त्यांनी डब्याचं रिकामं झाकण आणून ठेवलं होतं. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवून मूठ कानाला लावायचो, आतली घरघर ऐकायचो. त्यांनी एकदा विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "पोटात दुखतंय." त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातून घेतला, स्वतः कान लावला आणि म्हणाल्या, "नाटकं आहेत. दुपारच्या जेवणानंतर बरे होतील." आणि खरंच, जेवून आलो तर यंत्र सुरू!

आत खायला बंदी होती, म्हणून आम्ही बाहेरच्या लोखंडी जिन्यावर बसायचो. त्यांच्या डब्यात सुकट किंवा बोंबलाची चटणी. माझ्या डब्यात बहुतेक मटकी. "तुमच्या डब्याला वासच नाही," त्या म्हणायच्या, "आला काय, गेला काय, कळतच नाही. तुमच्यासारखाच." समोर रसायनांच्या कारखान्यांचं पिवळट आभाळ असायचं. त्या जिन्यावरचा तो अर्धा तास मला पुढे कुठेच मिळाला नाही. माझा संसार चांगला झाला, तक्रार काही नाही. तरी दुपारी एक वाजला, की आजही कान कुठली तरी हाक ऐकायला टवकारतात.

संध्याकाळी पावणेसहाला बॅकअपची टेप लावायची. दिवसभराचं काम त्या टेपवर उतरायचं, म्हणजे यंत्राला काही झालं तरी काम शाबूत. सोमवार ते शनिवार अशा सहा टेपा होत्या. वार बाईंच्या अक्षरात लिहिलेले. टेप घातली की पडद्यावर 'बॅकअप पूर्ण' असं यायचं आणि बाई रजिस्टरमध्ये तारीख, वेळ टाकून सही करायच्या. टेपवर उतरलेलं पुन्हा वाचून तपासण्याची सोय त्या यंत्रात होती. तिला आणखी तासभर लागायचा आणि कंपनीची बस सव्वासहाला सुटायची. म्हणून ती तपासणी मी बंद करून ठेवली होती. हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीत नेहमीसारखी यंत्रपूजा झाली. रंग घोटणाऱ्या यंत्रांना झेंडूच्या माळा, मोटारींना हळदकुंकू. आमच्या खोलीतही बाईंनी रांगोळी काढली. अक्षता त्यांनी घरूनच कुंकवात कालवून आणल्या होत्या. पूजेसाठी मी यंत्र बंद केलं, टेप काढून पाटावर ठेवली. टेपेच्या खाचेचं झाकण उघडंच राहिलं.

"तुम्ही करा पूजा," बाई म्हणाल्या. "जावई तुमचे."

"आणि तुमचे कोण?"

"मी सासू. सासूने लांबून बघायचं असतं."

मी हसत हसत मूठभर अक्षता वाहिल्या. यंत्राच्या डोक्यावर, पुढच्या बाजूवर, जिथे पडतील तिथे. नंतर पुसून घेतलं, टेप आत सरकवली, पेढे खाल्ले.

जानेवारीत एका सकाळी यंत्र उठेना. पॉवर सप्लाय बदलला, केबली बदलल्या, खोडरबर झालं. कान लावला तर आतून टक, टक, टक एवढंच. डिस्क गेली होती. मी बाईंना म्हटलं, "घाबरू नका, टेप आहे." नवीन डिस्क बसवली आणि आदल्या दिवशीची टेप लावली. वाचता येईना. त्याच्या आदल्या दिवशीची लावली, तेच. सहाच्या सहा टेपा लावून झाल्या. सहाही टेपा आळीपाळीने पुन्हापुन्हा वापरात असल्यामुळे जुनं सगळं केव्हाच पुसलं गेलं होतं. तीन वर्षांचं बाईंचं काम त्यांच्यावर नव्हतं.

टेपांवर काही नाही म्हणजे बाईंनी त्या लावल्याच नसणार, असं धरून साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. काचेतून मला दिसत होतं. बाईंनी रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं आणि एकेका सहीवर बोट ठेवत राहिल्या. साहेब मान हलवत होते. दार अर्धं उघडं होतं. "सही काय, कुणीही करतं," असं त्यांचं वाक्य बाहेर ऐकू आलं.

तेवढ्या वेळात मी टेपचा ड्राइव्ह काढून टेबलावर उघडला. टेप ज्या बारीक भागावर घासून जाते त्याच्या बाजूला एक तांदळाचा दाणा अडकला होता. लाल. त्याच्यामुळे टेप जेमतेम केसाएवढी तिरकी बसत होती आणि दसऱ्यापासून तिच्यावर काहीच नीट उतरत नव्हतं. मी चिमट्याने दाणा काढला. स्पिरिटच्या बोळ्याने आतला भाग पुसला. दाणा खिशात टाकला. हे सगळं मी अगदी सराईतपणे केलं, याची आज लाज वाटते.

साहेब बाहेर आले. मागे बाई उभ्या होत्या. "ड्राइव्हमध्ये काही दोष?"

मी म्हणालो, "ड्राइव्ह चांगला आहे, साहेब."

त्या क्षणी तो चांगलाच होता. मी या वाक्याच्या आधाराने बरीच वर्षं काढली. घरी दोन मुलं शिकत होती, ती नोकरी गेली असती तर दुसरी मिळणं अवघड होतं, हेही खरं. पण साहेबांनी मला काढलं असतंच असं नाही. एखादे वेळी ओरडून गप्प बसले असते. मी विचारूनच पाहिलं नाही.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं, मी काहीतरी शोधून काढेन. नेहमीसारखं. त्यांना परत डिस्पॅचला जायला सांगितलं. आठवडाभर त्या गेल्या. मग यायच्या बंद झाल्या. वह्या दुसऱ्या कुणीतरी पुन्हा टाइप केल्या. खोलीत जावईबापू हे नाव कुणी घेईना.

तीन-चार वर्षांनी त्या मला नौपाड्यात एका दवाखान्याच्या पायऱ्यांवर भेटल्या. लांबूनच हाक, "अहो इंजिनिअर!" पुष्कळ बोलल्या. लेकीचं लग्न, खाडीत आता मासळी मिळत नाही, माझे केस किती गेले. मी विचारलं, कॉम्प्युटरवर काही करता का? "छे. लेक म्हणते घरी घेऊ. म्हटलं घ्या, मी हात लावणार नाही."

मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत त्यांनी हळू आवाजात विचारलं, "एक सांगाल? खरंच माझ्याकडून टेप राहिली असेल का हो? आधी खात्री होती. आता कधीकधी वाटतं, राहिली असेल. मी सही करून निघून गेले असेन."

दवाखान्यातून कंपाउंडरने त्यांचा नंबर पुकारला. मी म्हणालो, "विसरा आता ते, बाई."

त्या हो म्हणाल्या आणि आत गेल्या. मी दाराशी थोडा वेळ थांबलो आणि निघून आलो.

कंपनी बंद झाली तेव्हा रद्दीच्या ढिगातून ते रजिस्टर मी उचलून आणलं. कपाटात माझ्या स्वेटरखाली असतं. मेळाव्याहून आलो त्या दिवशी पुन्हा काढलं. दसऱ्यापासून त्या जानेवारीपर्यंत रविवार आणि सुट्ट्या सोडून एकही ओळ रिकामी नाही. एका शुक्रवारची सही वाकडीतिकडी आहे. त्यांचा उजवा अंगठा भाजला होता. टेप मी लावतो म्हटलं तर ऐकल्या नव्हत्या, डाव्या हाताने टेप लावली होती आणि डाव्याच हाताने सही केली होती. मी शेजारीच उभा होतो. रोजच असायचो. त्या टेप लावायच्या हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता.

हे लिहिलेलं मी मेळाव्यातल्या सगळ्यांना पाठवणार आहे. त्याआधी उद्या सकाळी विठ्ठलवाडीला जाईन, रजिस्टर घेऊन. त्या आत घेतील की दारातूनच परत पाठवतील, सांगता येत नाही. पाठवलं तर तेही बरोबरच. उत्तर द्यायला मी फार उशीर केला आहे. चपला बाहेर काढीन आणि बसा म्हणायच्या आत सांगून टाकीन, "बाई, एकही दिवस राहिला नव्हता."