मीटरचे आठ, दगडांचे तेरा

मला आकडे आले ते पहिल्यांदा चौदापर्यंतच. हसू नका. आमच्या गावापासून कळंबपर्यंतचा रस्ता चौदा दगडांचा, आणि माझी शाळा म्हणजे तोच रस्ता. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या बायांनी त्याच्यावर खडी फोडली, त्यांत मीही होते. अंगावर पिती पोर होती. बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, तिला त्यात निजवायचं आणि हातोडी घेऊन बसायचं. रस्ता झाला तेव्हा साहेबांनी लोखंडी साखळी टाकत टाकत दर किलोमीटरला एक दगड रोवला. त्या साखळीचं एक टोक धरायला मला उभं केलं होतं. मग रंगारी येऊन दगडांवर काळे आकडे काढून गेला. दुपारी भाकरी खाऊन झाली की मी ते आकडे बोटानं गिरवायची. पंधरा कसा काढतात ते पुढं लेकीच्या पाटीवर बघितलं.

चुना आणि आकडे दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन गेले. दगड तेवढे राहिले. आणि एक बोलणं राहिलं. पारावर बसणारे म्हणायचे, चौदा किलोमीटर कशाचे, दगड जवळजवळ रोवले आणि जास्तीचं काम दाखवलं. दुष्काळी कामाबद्दल असं सगळीकडंच बोलायचे. मी साखळी धरली होती, पण बाईमाणसाला कोण विचारतंय?

झोळीतली पोर बघता बघता सातवी पास झाली. गावात शाळा तिथपर्यंतच. आठवीला कळंबला जावं लागणार, आणि एस.टी. एकच, ती भर दुपारी यायची. आमचे हे कळंबच्या खरेदी-विक्री संघात नोकरीला. रोज सायकलवर जायचे-यायचे. तेरा वर्षांची पोर रोज कॅरिअरवर बसवून नेणं काय होणार नव्हतं. कळंबात तिला ठेवावं असं घर नव्हतं.

अशात भूमचे एक डॉक्टर दवाखाना बंद करून लेकाकडं निघाले. त्यांची जुनी चारचाकी होती, गोलमटोल, सायीच्या रंगाची, आमच्या लग्नाच्याही आधीची. संघात त्यांची ओळख होती. ते यांना म्हणाले, न्या, पंधरा दिवस चालवून बघा, पटली तर ठेवा. गावातले दोन मास्तर कळंबला नोकरीला होते. ते म्हणाले, आम्ही येतो, पेट्रोल वाटून घेऊ. पण हिशेब असा निघाला की गाडीनं लिटरला बारा किलोमीटर तरी दिलं पाहिजे, त्याच्या खाली कुणालाच झेपणार नव्हतं. तेव्हा मी नवा शब्द शिकले, आवरेज. एका लिटरात गाडी किती जाते त्याला आवरेज म्हणायचं. पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा शब्दच नव्हता.

गाडी दारात आली त्या दिवशी अर्धं गाव बघायला. लेक मागच्या सीटवर जाऊन बसली ती जेवायलाही उतरेना. पुढं मीटरची काटेवाली गोल काच होती, तिच्या खालच्या अंगाला डॉक्टरांनी गणपतीचं चित्र चिकटवलेलं. आमच्या घरात छप्पन्न सालापासून देव नाहीत, बुद्धाची तसबीर तेवढी. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं देव्हारा उतरवला होता. मी विचारलं, हे चित्र राहू द्यायचं का? तर हे म्हणाले, "आपले देव आपण सोडले. दुसऱ्याच्या देवाला हात लावायचा आपल्याला हक न्हाय." मला ते पटलं. कापडानं काच पुसताना मी चित्राच्या कडेकडेनं पुसायची.

कळंबला एक मिस्त्री होता, मुसलमान, यांच्या संघातल्या ओळखीचा. आवरेज मोजायची त्याची रीत बघण्यासारखी. सलाईनची काचेची बाटली, अर्ध्या लिटरची. तिच्यात पेट्रोल भरायचं, बॉनेटच्या आत उलटी टांगायची आणि तिची नळी सरळ इंजिनाला जोडायची. बाटली संपली की गाडी थांबते, की पुन्हा भरायची. दोन बाटल्या म्हणजे एक लिटर. शेजारच्या मावशी मेंढरांमागं चालल्या होत्या, त्या वाकून बघून म्हणाल्या, "आगं, हिला आल्या आल्या सलाईन? आजारी जनावर पदरात घेतलंस की काय?"

पहिल्या मोजणीला मीटरवर आकडा आला पाच. लिटरला पाच. कळंबपर्यंतचा सगळा रस्ताही मीटरवर नऊच भरला, तर पारावरचे म्हणाले, बघा, दगड खोटेच. हे घरी आले आणि सायकलच्या चाकात हवा भरत बसले. मी काय समजायचं ते समजले.

पण मिस्त्री सोडणारा नव्हता. त्यानं इंजिनाचा हवेचा डबा उघडला तर आत आमच्या रस्त्याची सगळी धूळ, पिठाच्या डब्यासारखी. कार्बोरेटर धुतला, प्लग घासले. टपावरचा लोखंडी सांगाडा काढून टाकला. पोरीला दचके बसू नयेत म्हणून यांनी टायरांत हवा कमी ठेवली होती, ती त्यानं रागं भरून पुरी केली. एक खोड मात्र मी पकडली, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. रानाकडनं गाडी आली की मी भोवती फिरून हात लावून बघायची, बैल कामावरनं आला की बघतो तसं. तर मागचं एक चाक तव्यासारखं तापलेलं, बाकीची तीन गार. मी सांगितलं तर मिस्त्रीनं चाक उचलून फिरवलं. फिरेचना. ब्रेक आतनं धरून बसला होता. म्हणाला, "भाभी, ही बिचारी पाय ओढत चालत होती."

राहिला यांचा पाय. सायकलवर जन्म गेलेला माणूस, ॲक्सिलेटर असा दाबायचा जसा समोर चढ आहे. त्यावर मी इलाज काढला. काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन मी शेजारी बसायची. रानाच्या वाटेनं चक्कर. लुगड्यावर पाणी सांडलं की यांनी पाय जास्त दिला. पहिल्या दिवशी मी कमरेपर्यंत भिजले. लेक मागं हसून हसून लोळायची आणि बापाला म्हणायची, "दादा, आईची आंघोळ झाली." आठवडाभरात पाणी सांडायचं बंद झालं. यांना त्याचा किती अभिमान! पारावर जाऊन सांगून आले.

चौदाव्या दिवशी शेवटची मोजणी. दुसऱ्या दिवशी गाडी ठेवायची का परत करायची ते डॉक्टरांना कळवायचं होतं. गावच्या विहिरीपासनं साखळी सुरू केली होती, तिथंच पुढचं चाक लावून निघालो. हे, मिस्त्री, मी आणि माझा तांब्या. तोपर्यंत मी गाडीतनं कळंबच्या रस्त्याला गेलेच नव्हते, रानाच्या वाटेलाच सगळ्या चकरा.

आता तुम्हाला काय सांगू. ज्या रस्त्यावर उन्हात बसून खडी फोडली, त्याच रस्त्यावरनं गादीच्या सीटवर बसून चालले होते. ती बाभळ दिसली, झोळीची. माझं लक्ष तांब्यावरनं उडालं आणि सवयीनं मी दगड मोजायला लागले. एक, दोन, तीन. मोजता मोजता नजर मीटरवर गेली. मीटरच्या शेवटी एक बारकं चाक असतं, दहा आकड्यांचं. दगड ते दगड ते सहा घरं फिरायचं आणि वर थोडंसं. पुढच्या दगडाला पुन्हा सहा आणि थोडंसं. त्याच्या पुढच्याला तेच.

कळंब जवळ दिसायला लागलं आणि गाडीनं दोन आचके दिले, थांबली. दुसरी बाटली रिकामी. यांनी मीटर बघितला. आठ.

पाचाचे आठ झाले, केवढी मेहनत, पण बारा नाहीत. मिस्त्रीनं बॉनेट उघडून उगीच बंद केलं. हे म्हणाले, "उद्या सोडून येतो गाडी. पोरीला म्या सांगतो. तू सांगू नको." तिला शाळा सुटल्याचं सांगायचं म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हणाले, "म्या तेरा दगड मोजलेत."

"दगडांचं काय घेऊन बसलीस? सारं गाव सांगतंय ते खोटे हाईत म्हणून."

तेव्हा मला राग आला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, यांच्यापुढं मी आवाज चढवलेला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हणाले, "दर दगडाला तुमचं मीटर सहा घरं अन् थोडं फिरतंय, एकदाबी जास्त न्हाय, एकदाबी कमी न्हाय. चोरी करणारा मानूस इतकं सारखं मोजत न्हाय. साखळी माज्या हातात होती."

मिस्त्रीनं मग कपाळावर हात मारला. म्हणाला, "साहेब, ही गाडी मैलाच्या जमान्याची. मीटर मैलाचं तर नसंल?"

"लिहिलेलं असंल की त्याच्यावर."

"लिहिलेलं असणार. पर ते गणपतीच्या खाली झाकलंय. म्या त्याच्यापायीच काच सोडवली न्हाय. म्हणलं, साहेबांचा देव असंल."

हे म्हणाले, "म्या डॉक्टरांचा म्हणून हात लावला न्हाय."

दोघं एकमेकांकडं बघून असे हसायला लागले, भर रस्त्यात. चौदा दिवस ज्याच्या भोवती आम्ही जपून जपून वागलो, तो तिघांपैकी कुणाचाच नव्हता.

तरीपण काढला कुणीच नाही. गाडी तशीच घरी आणली आणि मी शेजारच्या मावशींना हाक मारली. त्यांना सांगितलं, मावशी, तुमचा देव आहे, तुम्हीच काढा. त्यांनी पाय धुतले, डोक्यावरनं पदर घेतला आणि गाडीत बसल्या, जन्मात पहिल्यांदा. कोमट पाण्यात बोट बुडवून चित्राच्या कडा भिजवत राहिल्या, तोंडानं पुटपुटत, "चल बाबा, आपल्या घरी चल, हितं तुजं काय काम." दार अडवून सगळं गाव उभं. चित्र अख्खं निघालं, एक कोपरा फाटला नाही. मावशींनी ते तळहातावर घेतलं आणि घराकडं गेल्यासुद्धा, खाली काय निघालं ते बघायलाही थांबल्या नाहीत.

खाली बारकी पांढरी इंग्रजी अक्षरं होती. यांना इंग्रजी आकड्यांपुरतं, मिस्त्रीला तर तेवढंही नाही. मास्तरांना बोलवा, कोणी म्हणालं. तर मागच्या सीटवरनं लेकीनं दोन सीटच्या मधनं मान पुढं घातली. पाचवीपासून तीन वर्षं इंग्रजी शिकलेली. एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, "एम, आय, एल, ई, एस." मग जरा थांबून, "माइल्स. दादा, माइल्स म्हंजे मैल."

यांनी खिशातनं पेन काढून हातावरच गुणाकार मांडला. आठ मैलांचे किलोमीटर पावणेतेरा, वर थोडं. मीटरचे आठ आणि दगडांचे तेरा एका जागी येऊन बसले. यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. मग उठून दोन्ही मास्तरांकडं गेले, सोमवारी सातला दारात या म्हणून सांगायला.

पारावरच्यांचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं. तेरा वर्षं धरून ठेवलेली गोष्ट एका दिवसात कशी सोडायची? एक म्हातारा मला बघून म्हणाला, "काय गं, नऊवर आलेली वाट पुन्हा चौदावर नेलीस?" मी म्हणाले, "व्हय तात्या, हातानंच केली होती, हातानंच लांबवली."

ती गाडी आमच्याकडं सात वर्षं होती. लेक दहावी झाली, बारावी झाली, आणि पुढं लातूरला शिकायला गेली तेव्हा तिची पेटीही त्याच गाडीनं नेली. मी शेजारी बसले होते. तांब्या घेतला होता, पण त्या दिवशी रिकामा. हे इतके सावकाश चालवत होते की बैलगाड्या पुढं जायच्या. पेट्रोल वाचवत होते म्हणायला, पण मला माहीत होतं, ते पोहोचायला उशीर करत होते.

आता रस्ता रुंद झालाय. जुने दगड उपटून टाकले, नव्यांवर पिवळा रंग आहे. परवा लेकीच्या नव्या गाडीतनं गेले तर तिच्यात आवरेज आपोआप दिसतं, काचेवर, उजेडात. मी बघितलंच नाही. मी बाहेर बघत होते. कळंबपर्यंत अजून चौदाच भरतात.