तुझं होऊ दे, मग मी

मानसीसाठी मी पहिल्यांदाच स्वयंपाक केला. पनीर माखनी. टोमॅटो आणि काजू शिजवून वाटायचे, वरून साय सोडायची, की भाजी थेट हॉटेलातली दिसते. खरं तर अर्ध्या तासाचं काम. तिचं ताट वाढलं आणि पळी घेऊन मी शेजारी उभा राहिलो. पहिला घास तिने हातातच धरला.

"तू का नाही बसत?"

"तुझं होऊ दे, मग मी."

तिने भाजी हुंगली. "काय घातलंयस यात? की काही कबूल करायचंय?"

"नाही गं."

"मग वॉर्डनसारखा काय उभा राहिलायस?"

माझा मलाच संशय येऊ लागला. प्रेमाने वाढणारा माणूस समोरच्याला असाच दिसत असेल का, स्वतः उपाशी आणि नजर दुसऱ्याच्या ताटावर? आमच्या घरी रांधणारं माणूस शेवटी जेवतं. आई अशीच उभी असते आणि आम्ही खाली मान घालून जेवतो.

मानसीने घास ताटात ठेवला. "तू बसल्याशिवाय मी खाणार नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य आईला आमच्यापैकी कुणीच ऐकवलं नव्हतं.