क्लॅरेन्सकाकांची अट

डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्हाय गावातल्या मराठी मंडळात किस्से दह्याच्या रिकाम्या डब्यांसारखे साठतात. टाकवत नाहीत, आणि कपाट उघडलं की अंगावर पडतात! क्लॅरेन्सकाकांचेच माझ्याकडे कपाटभर आहेत.

काका म्हणजे डेट्रॉइटचे म्हातारे ब्लूज गायक. तरुणपणी त्यांची एकच रेकॉर्ड निघाली. तिच्या कव्हरवर कंपनीने भलत्याच माणसाचा फोटो छापला. "बरंच झालं," काका म्हणायचे, "रेकॉर्ड पडली, पण लोक हसले त्या फोटोतल्याला!"

*

मी सीनिअर सेंटरमध्ये दुपारचं जेवण वाढायचे. काका तिथे कोपऱ्यात बसून गायचे. एकदा अगदी रंगात आले होते, तेवढ्यात एक आजीबाई ओरडल्या, "क्लॅरेन्स, ते मीठ दे इकडे!"

काकांनी गाणं न थांबवता मीठ दिलं.

मला फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "सिस्टर, जन्मभर बारमध्ये गायलो. हातातला घास खाली ठेवून मला अजून कोणी ऐकलेलं नाही."

मी ठरवलं, या गणपतीत काकांचा सत्कार करायचाच.

*

मीटिंग आमचे अध्यक्ष नाना यांच्या बेसमेंटमध्ये झाली. नानांना नाट्यसंगीताचं वेड. दर गणपतीत ते गायला बसले, की लोक प्लेटा घ्यायला उठतात.

"ब्लूज म्हणजे काय?" नानांनी विचारलं.

"दुःखाची गाणी."

"मग आपल्या मीटिंगचं रेकॉर्डिंग लावा!" नागपूरचा प्रशांत म्हणाला. "आणि यार, त्यांचं नाव कोणी ऐकलंय का?"

"मागच्या वर्षी ज्यांचा सत्कार केला, त्यांचं तरी कुठे ऐकलं होतं?" मंदावहिनी, म्हणजे नानांच्या मिसेस, चहा देता देता म्हणाल्या.

ठराव पास!

*

परिचय लिहायला नानांनी काकांना फोन केला. "आपलं घराणं कोणतं?"

"मिसिसिपी."

नाना खूश. "नदीकाठचं आहे. बनारससारखं!"

काकांनी अट एकच घातली. "मी गाताना कोणी खायचं नाही."

"शब्द दिला!" नाना म्हणाले. मला मात्र आमची माणसं माहीत होती.

*

गणपतीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये काकांना शाल पांघरवली. "मी आजारी दिसतो का?" त्यांनी मला हळूच विचारलं. मग नारळ दिला. तो त्यांनी कानाशी हलवून बघितला. "हा वाजवायचा?"

त्यानंतर भाषणं. स्पॉन्सरचं झालं, स्पॉन्सरच्या सासऱ्यांचंही झालं. बटाटेवड्यांचा वास सुटला. काकांनी गिटार उचलली आणि निम्मा हॉल किचनकडे निघाला.

मी धावत जाऊन दारात आडवी उभी राहिले. "गाणं संपेपर्यंत एकही वडा मिळणार नाही!"

"काकू, माझी शुगर लो झालीय हो!" प्रशांत.

"साखर देते. चघळत बस!"

सगळे फुगून बसले. काका डोळे मिटून गाऊ लागले. आधी लोक वड्यांच्या दिशेने बघत होते. मग हळूहळू माना समोर वळल्या. प्रशांतने तोंडातली साखरही चघळायची थांबवली. गाणं संपलं तरी कोणी हललं नाही.

काकांनी डोळे उघडले. "मेलात की काय सगळे?"

"वन्स मोअर!" नाना ओरडले.

वडे पार गार झाले.

*

मग जेवणं. काका नानांच्या शेजारी बसले होते. नाना म्हणाले, "क्लॅरेन्स, जरा मीठ द्या हो."

"मी जेवतोय," काका म्हणाले. "आता तुम्ही गा!"

सगळे खो खो हसले. नाना मात्र खरंच उठले, घसा साफ केला आणि सुरू झाले. लगेच सगळीकडे नेहमीचा कलकलाट. "श्रीखंड इकडे!" "पुऱ्या संपल्या का?" मंदावहिनीसुद्धा वाढण्यात गुंतल्या.

क्लॅरेन्सकाकांनी हातातला वडा प्लेटमध्ये ठेवला, प्लेट खुर्चीखाली सरकवली आणि खुर्ची नानांकडे वळवली.