दसऱ्याले पुसलेली यादी

मी रत्नमाला. इंझोरीत माही भाजीच्या रोपायची नर्सरी हाये. लोकं आपलं बी आनून देतात, मी ट्रेमंदी रोपं करून देतो. पन हे सांगून राह्यली ते आमच्या शेजारच्या चंपतभाऊच्या तनुजाबद्दल.

पोरगी पुन्यात शिकली, नोकरी घरूनच करते. पयले मले वाटे, ही दिवसभर खुर्चीत बसून करते तरी काय? तिनंच समजावलं. मोठमोठी दुकानं, दवाखाने आपली माहिती हिच्या कंपनीच्या भरवशावर ठेवतात. ती माहिती जिथं राहते तो डेटाबेस चालू ठेवाचा, नकला काढून ठेवाच्या, बिघडला त सुधरवाचा. म्हटलं, मंग त तूही नर्सरीवालीच! बी लोकायचं, जीव लावाचा आपन. लय हासली.

माही यादीही तिनं तशाच डेटाबेसात टाकून देली. कोनाचं बी, कोनती जात, कितव्या नंबरचा ट्रे. "काकू, हे क्लाउडवर राहते. मोबाइल पान्यात पडला तरी भेव नाही."

इथंच मी घोळ केला. दसऱ्याले आमी अवजारं पुजतो. नर्सरीची यादी लिवाची पाटी मी दर साली पुसून, हळदकुंकू लावून पुजत होती. औंदा पाटीच्या जागी मोबाइल. म्हटलं, यादी त वर हाये, मोबाइलातली पुसली त काय होते? देली पुसून!

दुपारी सेवादासभाऊ टमाट्याची रोपं न्याले आले. मोबाइलात पाहतो त एक नाव नाही! अवो माय! बेचाळीस घरायची रोपं, ट्रेवर नुसते नंबर. चुकीची जात गेली त लोकायचा अख्खा हंगाम जाईन, अन् पुन्हा माह्या दारात बी घेऊन कोन येईन?

पयतच तनुजाकडं गेली. "पोरी, मले जोडे मार, पन यादी आन."

"काकू, मोबाइलातून पुसलं का वरचंच पुसल्या जाते," ती म्हने. रागावली नाही. "पुसाच्या आधी शेवटचं काय लिवलं?"

"भागिरथाबाईचं वांगं. मंग लगेच पुजेले बसली."

"मंग बरं. आमच्याकडं हरेक बदल मिनिटासकट राहते. भागिरथाबाईचं नाव आलं, त्याच्या पुढच्या मिनिटाची यादी परत आनतो."

वीस मिनिटं लागली. तिच्या मायनं चहा देला, तो तसाच थंडा झाला. मंग नावं दिसली. दोनदा मोजली. बेचाळीस! मले रडूच आलं. सेवादासभाऊ आपला ट्रे घेऊन गेले.

संध्याकायी सोनं द्याची वेळ. आमच्याकडं लहान मानूस मोठ्याच्या घरी जाते, आपट्याचं पान देते, पाया पडते. मी सरळ चंपतभाऊच्या दारात.

"काकू, मीच येऊन राह्यली होती न! तुमी कायले आल्या?"

"गप बस," म्हटलं, अन् पयलं सोनं तिच्या हातावर ठेवलं.

चंपतभाऊ पाहातच राह्यले. "अवो वहिनी, पोरगी लहान हाये."

"वयानं," म्हटलं.