बेणं कुठलं?

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. कोल्हापुरात रसायनशास्त्राची पदवी पदरात पडली आणि माझी मान जरा ताठच झाली. पुढच्या संशोधनाच्या प्रस्तावात मी ठासून लिहिलं होतं: रेशीम विरघळवून पुन्हा धागा काढला, की किडा कुठल्या वाणाचा होता याने काही फरक पडत नाही. दीड वर्षाचं काम या एका वाक्यावर उभं होतं.

कोश मी शाहूवाडीकडच्या एका मावशींकडून आणायचे. त्या दोन वाणांचे किडे पाळत. एकाचे कोश पिवळे, दुसऱ्याचे पांढरे. माझं वाक्य ऐकून त्यांनी उसाच्या लावणीचा शब्द सरळ किड्यांना लावला.

"बेणं बदललं की ऊस बदलतोय, आन् रेशीम बदलत न्हाय व्हय? लईच शिकलीस की गं!"

मला रागच आला. आता या मला रसायनशास्त्र शिकवणार!

प्रयोगशाळेत मी दोन्ही वाणांचे कोश वेगवेगळ्या भांड्यांत सोड्याच्या पाण्यात उकळले. धाग्यावरचा नैसर्गिक डिंक सुटला, त्याबरोबर पिवळा रंगही गेला. दोन्हीकडे सारखंच पांढरं रेशीम. आणि भांड्यांवरच्या, शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या माझ्याच धांदरटपणाने धुऊन निघाल्या. आता कुठलं कुणाचं?

माझे मार्गदर्शक सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या मते फरकच नाही ना? मग चिठ्ठ्या हव्यात कशाला?"

मी दोन्ही रेशमं क्षाराच्या पाण्यात विरघळवली आणि पुन्हा धागा व्हावा म्हणून सुईतून स्पिरिटमध्ये सोडली. एका भांड्यातला धागा ओढला की तुटायचा. दहादा तुटला. दुसऱ्यातला मात्र टेबलाच्या टोकापर्यंत अखंड आला. मी फक्त पिवळे कोश पुन्हा आणले, सगळं पहिल्यापासून केलं. तो धागाही टोकापर्यंत आला. म्हणजे न तुटणारा धागा पिवळ्या कोशांचाच होता.

किडा मेला, रंग गेला, डिंक गेला, रेशमाचं पाणी झालं. तरी वाण तिथेच होता! इतकी थक्क मी आयुष्यात फार कमी वेळा झाले आहे.

तो धागा घेऊन मी शाहूवाडीला गेले. मावशींनी तो बोटाला गुंडाळला, ताणून पाहिला. मी रडवेली होऊन म्हटलं, "मावशी, माझं दीड वर्ष पाण्यात गेलं."

"पाण्यात गेलं," त्या म्हणाल्या, "पर इरघळलं न्हाय की."